१६ वर्षांच्या मुलाला ‘सराईत’ म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक छोटी बातमी आली होती, बंदरावरच्या एका मुलाला बाईकचोरीत दुसऱ्यांदा पकडलं त्याची, आणि हेडिंग होतं ‘सराईत अल्पवयीन चोरटा पुन्हा जाळ्यात’. बातमी पाच-सहा ओळींचीच, पण त्यात वाडीचं नाव होतं, शाळा कितवीत सोडली ते होतं, बाप काय काम करायचा तेही होतं, म्हणजे मुलाचं नाव तेवढं छापलं नाही, बाकी सकाळी नऊ वाजायच्या आत रिक्षा स्टँडपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांना कळलं कोण तो. संध्याकाळी मी मच्छी आणायला जेटीवर गेले तर तिथेही तोच विषय, एकजण म्हणाला जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही हो बाई, आणि मच्छीवाली म्हणाली मुलाचे पाय पाळण्यातच दिसतात, ह्याचे आम्ही पहिल्यापासून बघतोय. मी काही न बोलता घरी आले पण रात्री झोप लागली नाही, म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलंय याची कल्पना आहे, जागेसाठी कापायचं असेल तर माझ्याबद्दलचं कापा, शेवटी जे मागितलंय ते राहू द्या.

मी ३१ वर्षं हायस्कूलला गणित शिकवलं आणि रिटायर झाल्यावर तीन वर्षं बाल न्याय मंडळावर सामाजिक सदस्य होते. एक न्यायाधीश आणि दोन सामाजिक सदस्य असं ते मंडळ असतं, दोन सदस्यांत एक तरी बाई लागते, आणि १८ वर्षांच्या आतल्या मुलावर गुन्हा दाखल झाला की तो नेहमीच्या कोर्टात न जाता आमच्यापुढे यायचा. खाली ज्या मुलांबद्दल लिहिलंय त्यांचे तपशील मी मुद्दाम बदललेत, कोणी अंदाज बांधत बसू नये.

आधी तुमच्याशी संबंधित आहे ते सांगते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ज्याच्यावरून तो ओळखू येईल असा कुठलाही तपशील छापता येत नाही, छापला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुंबईत नुसतं ‘चेंबूरचा मुलगा’ छापलं तर कोणाला काही कळणार नाही, पण आमच्याकडे वाडीत चाळीस घरं, त्यातली पंधरा गणपती-शिमग्यालाच उघडणारी, मग उरलेल्यांत १६ वर्षांचे, शाळा सोडलेले, बाप वारलेले मुलगे किती असणार? आमच्याकडे वाडी सांगितली की नाव सांगितल्यासारखंच आहे. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये असं आहे की मुलाचं प्रकरण निकाली निघाल्यावर त्या गुन्ह्यामुळे त्याला पुढे कुठे अपात्र धरायचं नाही आणि ठरलेल्या मुदतीनंतर रेकॉर्ड नष्ट करायचं, प्रौढ म्हणून खटला चाललेल्या गंभीर केसेस तेवढ्या वेगळ्या. मंडळाने कागद नष्ट केले तरी तुमच्या बातमीची लिंक वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर राहते, आणि ज्या तांडेलाने त्या मुलाला ऑगस्टपासून बोटीवर घेतो असा शब्द दिलेला असतो तो ती लिंक बघून नको म्हणतो. हे मी स्वतः बघितलंय, एकदा नाही, तीनदा.

आता स्वभावाबद्दल, कारण जेटीवरची माणसं जे म्हणाली ते सगळंच खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. स्वभावाचा आणि पुन्हा गुन्हा करण्याचा संबंध असतो, ह्यावर जगभर भरपूर अभ्यास झालाय, आणि मंडळावर गेल्यावर मी हाताला लागेल ते वाचत गेले कारण मला त्याची गरज पडली. गरज का पडली ते सांगते, ती माझीच चूक होती.

एक मुलगा आमच्यापुढे आला, साडेपंधरा वर्षांचा, मारामारीत दुसऱ्याचं डोकं फुटलेलं. तो खोलीत आल्यापासून हसत होता. न्यायाधीश बोलतायत, हा हसतोय, जखमी मुलाची आई बाहेर रडतेय ते आत ऐकू येतंय, हा हसतोय. मी त्या दिवशी माझ्या वहीत लिहिलं, ‘निर्ढावलेला, पश्चात्ताप नाही’, आणि पुढच्या दोन तारखांना माझ्या बोलण्यात तेच आलं, त्याला घरी सोडण्याच्या मी विरोधात होते. तिसऱ्या तारखेला त्याची आजी आली, दाभोळहून दोन एसट्या बदलून, आणि तिला मी जरा चिडूनच विचारलं की तुमचा नातू सारखा हसतो का. ती म्हणाली, “बाय, तो घाबारला की असाच हसता. बारीक असल्यापासना. मास्तरानी छडी मारली तरी हसायचा आनि म्हनून अजून मार खायचा.” मी ती वही अजून ठेवलीय. ३१ वर्षं मुलांमध्ये काढलेल्या बाईला घाबरलेला मुलगा ओळखता आला नाही, आणि त्या एका शब्दामुळे तो दीड महिना जास्त रिमांड होमला राहिला.

त्याच वर्षी दुसरा एक मुलगा होता, मोबाईल आणि काजूबी चोरलेली, इतका गोड की विचारू नका. आल्या आल्या वाकून नमस्कार, प्रश्न विचारला की डोळ्यात पाणी, बाई मी आता शिकणार आहे, आईला त्रास देणार नाही. आम्ही सगळे विरघळलो. समज देऊन सोडला, आणि साडेतीन महिन्यांत तो पुन्हा आमच्यापुढे, ह्या वेळेला बाईक. वाईट होता का तो? नाही हो. त्याचं रडणं खरंच होतं, त्या मिनिटाला त्याला खरंच शिकायचं होतं, पण त्याच्याकडे ठरवलेलं संध्याकाळपर्यंत टिकत नव्हतं, समोर जो मित्र येईल त्याच्याबरोबर तो निघायचा. म्हणजे ज्याच्यात मला दगड दिसला त्याच्यात भीती होती, आणि ज्याच्यात मला लोणी दिसलं त्याला खरी मदत हवी होती ती आम्ही दिलीच नाही, कारण तो बोलायला चांगला होता.

सायकॉलॉजीवाले स्वभाव साधारण पाच बाजूंनी मोजतात, नव्या गोष्टींची ओढ, नेटकेपणा आणि जबाबदारी, माणसांत मिसळणं, दुसऱ्याशी जमवून घेणं, आणि मनाची चलबिचल. ह्यातल्या दोन बाजू गुन्ह्याच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा पुढे येतात, एक म्हणजे जबाबदारी कमी असणं आणि दुसरी म्हणजे दुसऱ्याशी जमवून घेणं कमी असणं. आयसेंक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्येच गुन्हा आणि स्वभाव यांची सांगड घालून मांडणी केली होती, त्यातलं पुढे बरंच टिकलं नाही पण विषयाला तोंड तिथे फुटलं. शिवाय आवेग, म्हणजे आधी हात मग डोकं, आणि थरार हवा असणं, हे तरुण मुलांत फार महत्त्वाचं. आणि सगळ्यात काळजीचं म्हणजे दुसऱ्याला दुखलं तरी आत काहीच न हलणं, अपराधी न वाटणं, हे काही थोड्या मुलांत लहानपणापासून असतं आणि २०१३ पासून अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या निदानाच्या पुस्तकात त्याची वेगळी नोंदही करतात. पण ही नोंद करायला त्यांनी अट घातलीय, किमान बारा महिने, वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांसमोर तसं वागणं दिसलं पाहिजे, आईला विचारायचं, शिक्षकांना विचारायचं, आजीला विचारायचं. मी २० मिनिटांत वहीत लिहून टाकलं होतं.

आता गणिताची बाई म्हणून एक हिशोब मांडते, तो कागदावर करून बघा. समजा १०० मुलं आहेत आणि त्यातली १० पुढेही गुन्हे करत राहणार आहेत. समजा तुमच्याकडे स्वभावाची अशी चाचणी आहे जी दोन्ही बाजूंनी ८० टक्के बरोबर सांगते, ही फारच चांगली चाचणी झाली. १० पैकी ८ पकडले जातील, ठीक. पण उरलेल्या ९० मधल्या १८ मुलांवर पण चुकून शिक्का बसेल. म्हणजे शिक्का बसलेली एकूण २६, त्यातली १८ अशी की ज्यांनी पुढे काही केलंच नसतं. आणि आपली जेटीवरची चाचणी, बाप कसा होता, आजोबा कसे होते, डोळ्याला डोळा भिडवतो का, ती किती टक्के बरोबर असेल? शाळेत आठवीच्या मुलांना मी टक्केवारी शिकवायचे तेव्हा हे उदाहरण मला सुचलं असतं तर फार बरं झालं असतं.

आणि ही ‘१०० तली १०’ मी हवेतून काढलेली नाही, फार थोडीच मुलं पुढे चालू ठेवतात हे अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलंय. फिलाडेल्फिया आणि फिनिक्स ह्या दोन शहरांतली १,३५४ मुलंमुली, सगळी गंभीर गुन्ह्यांतली, म्हणजे आपल्याकडे ज्यांना लोक फाशी द्या म्हणतात त्यातली पण, त्यांच्यामागे सात वर्षं राहून बघितलं. बहुतेकांचं गुन्हे करणं कमी होत गेलं, सतत जास्त गुन्हे करत राहिलेले १० टक्क्यांपेक्षाही कमी निघाले. आणखी एक गोष्ट निघाली जी मला आपल्या इथे प्रत्येक पोलीस स्टेशनच्या भिंतीवर लावावीशी वाटते, की जास्त दिवस कोंडून ठेवलं म्हणून पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण कमी झालं नाही. आणि जी मुलं सुधारली त्यांचा स्वभाव त्या वर्षांत बदलत गेला, आवेग आवरायला शिकली, पुढचा विचार करायला लागली, दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघायला लागली. म्हणजे स्वभाव हाच त्या वयात अजून ओला असतो. टेरी मॉफिट नावाच्या बाईंनी १९९३ मध्ये लिहिलं होतं की वाट चुकणारी मुलं ढोबळमानाने दोन प्रकारची, एक लहानपणापासून मोठेपणापर्यंत चालू ठेवणारी थोडी, आणि दुसरी फक्त वयात येतानाच्या वर्षांत करणारी पुष्कळ. अडचण ही की १६ व्या वर्षी दोघंही सारखीच दिसतात, तीच बाईक, तीच मारामारी, तोच गुटखा.

बॉस्टनच्या मुलांची पण गोष्ट आहे. १९२४ ते १९३२ च्या दरम्यान जन्मलेली ५०० मुलं, सगळी सुधारगृहातून गेलेली, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना सॅम्पसन आणि लॉब ह्या दोघांनी अगदी ७० वर्षांची होईपर्यंत शोधून काढलं. लहानपणीचा स्वभाव, बुद्धी, घर, सगळं कागदावर होतं तरी त्यावरून कोण म्हातारपणापर्यंत चालू ठेवेल हे नीट सांगता आलं नाही. बदल कशाने झाला, तर चांगली बायको, टिकाऊ नोकरी, लष्करात जाणं, जुन्या टोळक्यापासून तुटणं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या बंदरावरचे निदान चार तांडेल आठवले, आज ज्यांना लोक शेठ म्हणतात, आणि १७ व्या वर्षी काय होते ते मला विचारा, मी वर्गशिक्षिका होते.

तर मग स्वभाव बघायचाच नाही का? बघायचा, पण कशासाठी ते आधी ठरवायचं. कॅनडातल्या अँड्र्यूज आणि बोंटा ह्यांनी पुन्हा गुन्हा होण्याची मोठी कारणं आठ सांगितलीत आणि त्यात स्वभाव हे एक आहे, बाकीची म्हणजे आधीचे गुन्हे, गुन्ह्याबद्दलचे विचार, मित्र, घर, शाळा किंवा काम, रिकामा वेळ आणि व्यसन. आधीचा गुन्हा पुसता येत नाही पण बाकीच्या सातांवर थोडंफार काम करता येतं, स्वभावावर पण करता येतं, आवेग आवरायला शिकवता येतो, आणि तापट मुलाला जे शिकवायचं ते गोड बोलून विसरणाऱ्या मुलाला शिकवून उपयोग नाही. स्वभाव कळला की कोणाला काय द्यायचं ते कळतं, इतकंच त्याचं काम. माझ्या त्या हसणाऱ्या मुलाला बोलायला कोणीतरी हवं होतं. गोड बोलणाऱ्याला रोज सकाळी दारात येऊन उठवणारं आणि संध्याकाळी कुठे होतास विचारणारं माणूस हवं होतं, समज नको होती.

आता कोकणातलं सांगते, कारण हे सगळं आपल्याकडे कसं लागतं ते परदेशातल्या पुस्तकात नाही. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या, जाळी विणायचं काम मोठ्यांना पुरत नाही, आणि मेच्या शेवटी आंबा संपतो म्हणजे बागेतलं, पेट्या भरायचं काम पण संपतं. शाळा सोडलेल्या १५-१७ वर्षांच्या मुलाला ह्या दोन महिन्यांत करायला काही नसतं, हातात मोबाईल आणि पावसात जेटीवरच्या शेडमध्ये बसलेलं टोळकं. त्या टोळक्यात मोठी मुलं असतात, गांजा असतो, ऑनलाईन जुगाराची उधारी असते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर चरसाची पाकिटं वाहून आली होती, पेपरात सगळ्यांनी वाचलंय, तेव्हा मला पहिली काळजी पोलिसांना किती सापडली ह्याची नव्हती, कुठल्या मुलाला पहाटे किनाऱ्यावर काय सापडेल ह्याची होती. माझ्या तीन वर्षांत दुसऱ्यांदा आलेल्या मुलांच्या तारखा मी मांडून बघितल्या होत्या, आकडा लहान आहे म्हणून त्यावरून मोठं काही सांगत नाही, पण पावसाळ्यातल्या जास्त होत्या. आणि मित्रांचं म्हणाल तर गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांचा २००५ चा प्रयोग आहे, कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ, एकटं असताना मुलं बऱ्यापैकी सांभाळून चालवतात आणि मित्र बघत असले की धोका घेतात, मोठ्या माणसांत तो फरक जवळजवळ दिसत नाही. म्हणजे तोच मुलगा, तोच स्वभाव, फक्त मागच्या सीटवर कोण बसलंय त्यावर ठरतं.

घराबद्दल पण एक गैरसमज आहे, की अशी पोरं अनाथ, बेवारस असतात. एनसीआरबीचे, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांचे आकडे ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे रिपोर्ट बघा, पकडलेली बहुतेक मुलं आईवडलांजवळ राहणारीच असतात. २०२२ मध्ये देशात अल्पवयीनांवर ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले आणि त्यात महाराष्ट्र वरच्या नंबरला आहे, पकडलेल्यांत पाचातले जवळजवळ चार १६ ते १८ वयाचे. फक्त आपल्याकडे ‘आईवडलांजवळ’ म्हणजे बाप मुंबईला, आई काजूच्या फॅक्टरीत नाहीतर जेटीवर कोळंबी सोलायला, आणि पोरगं आजीजवळ, ती आजी गुडघ्यांनी अधू.

रिमांड होमबद्दल जपून लिहिते कारण तिथे चांगली माणसं पण बघितलीत, तुटपुंज्या पगारात रात्री जागणारी. पण मोबाईल चोरलेला मुलगा आणि मोठ्या गुन्ह्यातला मुलगा एकाच हॉलमध्ये झोपले की दोघांत कोण कोणाचं शिकेल? डिशियन आणि मॅककॉर्ड यांनी १९९९ मध्ये दाखवलं होतं की वाट चुकलेल्या मुलांना एकत्र गटात ठेवून सुधारायला गेलं की कधी कधी ती जास्त बिघडतात, कारण एकाने सांगितलेल्या पराक्रमाला बाकीचे हसून दाद देतात. आणि जेलमध्ये नेऊन कैद्यांकडून दम भरवायचे कार्यक्रम अमेरिकेत पुष्कळ झाले, पुढे सगळे अभ्यास एकत्र करून बघितले तर गेलेली मुलं न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे करत होती. आपल्याकडे अजून प्रत्येकाला वाटतं की दोन थपडा आणि एक रात्र लॉकअपमध्ये, की सरळ होईल. मुलाला लॉकअपमध्ये ठेवायलाच कायद्याने बंदी आहे, आणि मार खाऊन जर मुलं सरळ होत असती तर माझ्यापुढे आलेली बहुतेक कधीच आली नसती, ती घरी भरपूर मार खाऊनच आलेली होती.

ज्यांचं नुकसान झालं त्यांच्याबद्दल मला वाटत नाही असं समजू नका. ज्या बाईचं मंगळसूत्र ओढलं तिच्या मानेवरचा वळ मी बघितलाय, आणि हप्ते फेडून घेतलेली बाईक गेली की त्या घराचं महिनाभर काय होतं ते माझ्याच भाच्याच्या घरी बघितलंय. २०१२ च्या दिल्लीच्या प्रकरणानंतर लोकांचा संताप झाला आणि २०१५ चा कायदा आला, १६ ते १८ च्या मुलाने किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त आहे असा गुन्हा केला तर त्याला मोठ्यासारखं वागवायचं का हे ठरवायचं मंडळाच्या हातात दिलं, तो संताप खोटा नव्हता. २०२४ मध्ये पुण्याला पोर्शेखाली दोन जीव गेले आणि त्या मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला चीड आली, मलाही आली. पण निबंधाची चीड येते कारण निबंधाने काही बदलत नाही, त्याचप्रमाणे शिक्क्याने पण काही बदलत नाही. ज्या बाईचं मंगळसूत्र गेलं तिला पण हेच हवंय की तो पुन्हा करू नये.

मोठ्यासारखं वागवायचं का हे ठरवायला कलम १५ ची जी प्राथमिक तपासणी असते तिच्यात मुलाची मानसिक आणि शारीरिक कुवत, परिणाम कळण्याची समज आणि गुन्हा घडला ती परिस्थिती, हे तीन महिन्यांत बघायचं असतं. सुप्रीम कोर्टाने २०२२ च्या जुलैमध्ये सांगितलं की हे नाजूक काम आहे, मंडळावर बाल मानसशास्त्राची पदवी असलेला जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे. बरोबर सांगितलं, पण ते मोठ्या गुन्ह्यांपुरतं. आमच्यापुढे येणाऱ्यांत मोबाईल, बाईक, मारामारी हेच जास्त, आणि त्यांच्यासाठी तज्ज्ञ म्हणजे महिन्यातून एकदा दुसऱ्या गावाहून येणारे सायकॉलॉजिस्ट, पाऊस जास्त असला की ते पण नाही. प्रोबेशन ऑफिसरने १५ दिवसांत सामाजिक तपास रिपोर्ट द्यायचा असतो, त्या फॉर्ममध्ये घर, शाळा, मित्र, सवयी, स्वभाव सगळ्याचे रकाने आहेत, नीट भरला तर सोनं आहे तो कागद. माझ्या वेळी किती रिपोर्टांत स्वभावाच्या रकान्यात ‘साधारण’ एवढाच शब्द असायचा, ऑफिसर आळशी म्हणून नाही, एकच माणूस, मंडणगडपासून राजापूरपर्यंत जिल्हा पसरलेला, वाडीत जायला शेवटची एसटी चारला.

आणि सोडल्यानंतर काय? तिथे सगळं संपतं. कायद्याप्रमाणे चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर देखरेखीखाली सोडता येतं, संस्थेतून बाहेर पडलेल्याला १८ नंतरही मदत देता येते, पण प्रत्यक्षात मुलगा घरी जातो आणि पुढच्या तारखेपर्यंत त्याच्याशी कोणी बोलत नाही, फक्त वाडी त्याच्याबद्दल बोलते. माझ्या गोड बोलणाऱ्या मुलाचे ते साडेतीन महिने हेच होते. त्याच्या आईने मला दुसऱ्या वेळी कोर्टाच्या पायऱ्यांवर सांगितलं, “बाई, तुमी त्याला सोडलात त्या दिवशी मला आनंद झाला, पन मंग मी एकटीच होते ना.” ह्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

म्हणून मागते ते सांगते. पेपरवाल्यांकडे, वाडी, शाळा, बापाचा धंदा छापू नका आणि ‘सराईत’ हा शब्द १८ च्या आतल्या मुलाला लावू नका, ती जुनी बातमी वेबसाइटवरून काढा. जिल्ह्याकडे, मंडळासाठी आठवड्यातून दोन दिवस तरी बसणारा सायकॉलॉजिस्ट द्या, फक्त मोठ्या गुन्ह्यांसाठी नाही, पहिल्यांदा आलेल्या प्रत्येक मुलासाठी, आणि प्रोबेशन ऑफिसर वाढवा. मच्छीमार सोसायट्यांकडे, आंबा बागायतदारांकडे, एक एक मुलगा घ्या, १ जूनच्या आधी, जाळी दुरुस्ती असेल, इंजिनचं काम असेल, कलमं बांधायची असतील, वयाच्या नियमात बसेल तेवढंच काम, पण सकाळी कोणीतरी त्याची वाट बघतंय असं असू दे. आणि गावकीकडे, शिमग्याला पालखी नाचवताना त्या घराला मागे ठेवू नका.

बातमीतला तो मुलगा आत्ता रिमांड होमला आहे, ह्या महिन्याअखेर सुटेल असं त्याची आई म्हणाली. त्याला कोण घेणार हे अजून ठरलेलं नाही, दोन तांडेलांशी मी बोललेय, एकाने नाही म्हटलं, एकाने बघतो म्हटलंय. शनिवारी सकाळचे दोन तास मी त्याच्यासाठी मोकळे ठेवलेत, दहावीचं गणित घ्यायचं असेल तर गणित, नाहीतर नुसतं बसायला.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी
(नाव छापू नये ही विनंती, माझ्या नावावरून वर लिहिलेली मुलं ओळखता येतील)